साताऱ्यातल्या पेढ्याच्या दुकानासाठी कोणता पेमेंट गेटवे घ्यावा?

साताऱ्यात तुमचं कंदी पेढ्यांचं छोटं दुकान आहे, पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं वेबसाइटवर ऑर्डर द्यायला तयार आहेत, आणि सगळ्यात कमी टक्के फी घेणारा गेटवे, म्हणजे वेबसाइटवर गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन तुमच्या खात्यात टाकणारी सेवा, कोणती असं तुम्ही विचारलंय. मी सांगलीतून बेदाणा आणि हळद पावडर ऑनलाइन विकतो. टक्के नंतर बघा. पैसे खात्यात कधी पडतात आणि अडकले तर फोन कोण उचलतं, हे आधी विचारा.

माझ्या दुसऱ्याच दिवाळीत गेटवेनं सेटलमेंट, म्हणजे जमा झालेले पैसे माझ्या खात्यात टाकणं, थांबवलं. पॅनवर माझं नाव, बँक खात्यावर दुकानाचं आणि वेबसाइटवर तिसरंच ब्रँडचं नाव, म्हणून कागदपत्रं पुन्हा तपासायची होती. गिऱ्हाइकांकडून पैसे घेणं चालूच होतं, मला मिळणं तेवढं बंद. मेल केला की तेच ठरावीक उत्तर. नऊ दिवस गेले. इकडे मार्केट यार्डातल्या अडत्याला बेदाण्याचे पैसे द्यायचे होते. ऐन सणात त्याच्यापुढे जाऊन मुदत मागताना जीव अगदी नकोसा झाला. तेव्हा पॅन, उद्यम नोंदणी, बँक खातं आणि वेबसाइट यांवरचं नाव आजच जुळवून घ्या. वेबसाइटवर पत्ता, फोन नंबर आणि परतावा कसा मिळेल हेही लिहिलेलं लागतं, नाहीतर अर्ज तिथंच अडतो.

आता टक्के. साधारण दर 2 टक्के आणि त्या फीवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 5000 रुपयांच्या ऑर्डरवर 118 रुपये गेले, हातात 4882 रुपये. जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर एमडीआर (व्यवहारामागे दुकानदाराकडून बँका घेतात ती फी) शून्य आहे, पण गेटवे त्याच्या सेवेची वेगळी फी लावू शकतो. म्हणून दरपत्रकात यूपीआयसमोर काय आकडा आहे तो स्पष्ट विचारा, कारण छोट्या रकमांच्या बहुतेक ऑर्डरी यूपीआयनंच येतात. ऑर्डर रद्द झाली तर गिऱ्हाइकाला पूर्ण पैसे जातात. कापलेली फी मात्र बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही.

तुमचा माल नाशवंत आहे, हे फार महत्त्वाचं. कुरिअर दोन दिवस उशिरा पोचलं, पेढ्याला वास आला, की कार्डानं पैसे भरलेला माणूस थेट बँकेकडे तक्रार करतो. याला चार्जबॅक म्हणतात. मग रक्कम तुमच्याकडून कापली जाऊ शकते, वर दंडाची फी लागू शकते, आणि पुरावा ठरल्या मुदतीत तुम्हालाच द्यावा लागतो. कुरिअरची पावती आणि पॅकिंग करतानाचा फोटो जपून ठेवा. चार्जबॅकची फी किती आणि उत्तराला किती दिवस, हे लेखी घ्या.

रेझरपे, कॅशफ्री, पेयू, सीसीअव्हेन्यू ही नावं तुम्ही ऐकली असतील. कोणतंही घ्या, पण पेमेंट अ‍ॅग्रिगेटर, म्हणजे दुकानदारांच्या वतीनं पैसे गोळा करणारी कंपनी, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या यादीत नाव आहे का ते रिझर्व्ह बँकेच्याच वेबसाइटवर तपासा. तुमचे पैसे त्यांना एस्क्रो खात्यात, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या पैशांत न मिसळणाऱ्या बँक खात्यात, वेगळे ठेवावे लागतात. सेटलमेंट बहुधा एक-दोन कामाच्या दिवसांत होतं. दिवाळीच्या सुट्ट्यांत ते लांबू शकतं, तेवढी रक्कम दुधाच्या बिलासाठी बाजूला ठेवा.

सध्या दिवसाला पाच-सात ऑर्डरीच असतील तर गेटवेची घाई करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर आणि यूपीआयचा क्यूआर पुरतो. फक्त स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवून माल पाठवू नका, पैसे बँक खात्यात आलेले दिसल्यावरच डबा बांधा. हिशोब जुळवण्यात रोज रात्रीचा तासभर जायला लागला की मग गेटवे घ्या.

घेताना स्वतःच 10 रुपयांची ऑर्डर टाका, पैसे खात्यात यायला किती दिवस लागले ते मोजा, मग तीच रद्द करून परतावा कधी येतो ते पाहा. आणि शनिवारी संध्याकाळी त्यांच्या मदत क्रमांकावर फोन लावून बघा. दिवाळीत तुम्हाला तोच नंबर फिरवावा लागणार आहे.