एकच गुन्हा, आरोपी अनेक, मग खटला एकत्र की वेगळा? तुमचे प्रश्न

ऐरोलीहून : भाऊ फसवणुकीच्या केसमध्ये ठाणे जेलमध्ये आहे. तीन आरोपींपैकी एक फरार, त्यामुळे नुसत्या तारखा पडतायत. भावाची केस वेगळी चालू शकते का?

हो, चालू शकते. वकिलांना पुढच्याच तारखेला अर्ज करायला सांगा. फरार आरोपीची फाईल स्प्लिट करून कोर्ट बाकीच्यांची केस पुढे नेऊ शकतं, जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) हे कलम ३१७(२) होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएस कायद्याचं ३५५(२) आहे. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटात हेच झालं, मुख्य खटल्याचा निकाल २००६-०७ मध्ये लागला आणि पोर्तुगालहून आणलेल्या अबू सालेमचा वेगळा चालून २०१७ मध्ये. फरार माणसाची वाट बघत दुसऱ्याने जेलमध्ये सडायचं हे मला अजिबात पटत नाही.

कळव्याहून : सोसायटीत मारामारी झाली, दोन्ही बाजूंनी एफआयआर. दोन्ही केस एकत्र करा असं सगळे सांगतात.

एकत्र नाही होत. क्रॉस केसमध्ये एका केसचा फिर्यादी दुसऱ्यात आरोपी असतो, मग एकाच खटल्यात तो दोन्हीकडे कसा उभा राहणार? सुप्रीम कोर्टाने १९९० मध्ये नाथीलाल केसमध्ये रीत घालून दिलीय: जज एकच, पण केस दोन, एकीचा पुरावा आणि युक्तिवाद ऐकून निकाल राखून ठेवायचा, मग दुसरी ऐकायची, दोन्ही निकाल एकापाठोपाठ द्यायचे, आणि एकीतला पुरावा दुसरीत वापरायचा नाही. दोन फाईल दोन कोर्टांत असतील तर त्या एकाच जजपुढे आणायचा अर्ज मात्र नक्की करा.

कोपरखैरण्याहून : मुलगा १७ वर्षांचा, पुतण्या २० चा, दोघं एकाच चोरीत.

दोघांवर एकत्र खटला चालणारच नाही. २०१५च्या जेजे ॲक्टचं, म्हणजे बाल न्याय कायद्याचं, कलम २३ तशी मनाईच करतं. मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे. वयाचा पुरावा, म्हणजे शाळेचा किंवा जन्माचा दाखला, लगेच द्या.

वाशीहून : सहआरोपीने मॅजिस्ट्रेटसमोर कबुली दिली, त्यात माझ्या नवऱ्याचंही नाव घेतलं. खटला वेगळा मागू का?

ताई, घाई करू नका, याला दोन बाजू आहेत. खटला एकत्र असेल आणि त्या माणसाने स्वतःलाही गुंतवून कबुली दिली असेल, तर कोर्ट ती तुमच्या नवऱ्याविरुद्धही विचारात घेऊ शकतं (बीएसए म्हणजे नव्या पुरावा कायद्याचं कलम २४, जुन्या पुरावा कायद्याचं कलम ३०). पण तो ठोस पुरावा नाही, आधी बाकीचा पुरावा बघायचा आणि त्याला फक्त जोड म्हणून कबुली, असं सुप्रीम कोर्टाने १९५२ मध्येच सांगितलंय. खटला वेगळा झाला की कबुलीचा असा वापर थांबतो, पण मग तोच माणूस नवऱ्याच्या केसमध्ये साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो, आणि शपथेवर दिलेली साक्ष कागदावरच्या कबुलीपेक्षा कितीतरी जड पडते. माफीचा साक्षीदार (माफीच्या बदल्यात सरकारतर्फे साक्ष देणारा आरोपी) झाला तर त्याचा खटला तसाही बाकीच्यांबरोबर चालत नाही.

म्हणून आधी चार्जशीट नीट वाचून घ्या, कबुली सोडून नवऱ्याविरुद्ध काय आहे ते बघा, सीसीटीव्ही, बँक एन्ट्री, पंचनामा. काहीच नसेल तर बहुतेक वेळा एकत्र राहणंच बरं असं माझं मत. वेगळा मागायचाच असेल तर चार्ज फ्रेम व्हायच्या (कोर्टाने आरोप निश्चित करायच्या) आधी मागा, कारण एकत्र की वेगळा हे सुरुवातीलाच ठरवायचं असतं, आणि एकत्र चालवल्याने बचावाला नेमका काय धक्का बसतो ते अर्जात स्पष्ट लिहायला लावा.