वॉलरसच्या सुळ्याला 'हस्तिदंत' म्हणावे का?

प्रश्न असा आहे: अलास्कातल्या इनुपियात लोकांच्या प्राचीन आयव्हरी कोरीवकामाबद्दल मराठीत लिहायचे आहे, तर 'हस्तिदंत' हा शब्द चालेल का?

माझ्या मते नाही. हे कारागीर मुख्यतः वॉलरसचे, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातल्या सीलसारख्या थोराड प्राण्याचे, सुळे कोरतात. गोठलेल्या जमिनीत मॅमथचे दात सापडतात, तेवढ्यापुरता हत्तीच्या कुळाशी संबंध. शिवाय 'सुळा' हा आपला शब्द इथे अगदी चपखल आहे. पटाशीच्या दातांशेजारचा टोकदार दात तो सुळा, आणि वॉलरसचे लांब दात म्हणजे खरोखर वरच्या जबड्यातले सुळेच. हत्तीचे शरीरशास्त्रानुसार पटाशीचे! मोगल दरबारात खंजिरांच्या मुठींसाठी वॉलरसचे दात येत, जहांगीराला त्यांची फार आवड होती. फारसीत त्यांना 'दंदान-ए-माही', म्हणजे माशाचा दात, म्हणत. तिथेही हत्ती आणलेला नाही.

हा फरक जपावा असे मला मनापासून वाटते, कारण त्याची झळ माणसांना बसते. १९७२च्या अमेरिकन कायद्याने अलास्कातल्या मूळ रहिवाशांना वॉलरसची शिकार करायला आणि सुळ्यांपासून घडवलेल्या वस्तू विकायला मुभा आहे. पण कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी हत्तींना वाचवण्यासाठी आयव्हरीच्या विक्रीवर बंदी घातली, तेव्हा वॉलरसचे सुळेही त्यात ओढले गेले.

'शोभेच्या वस्तू' हा शब्दप्रयोगही जुन्या कामासाठी टाळा. अलास्कातल्या पॉइंट होपला १९३९पासून झालेल्या उत्खननात इपिउताक या प्राचीन संस्कृतीची थडगी सापडली. काही कवट्यांच्या खोबणीत सुळ्यातून कोरलेले डोळे बसवलेले होते. आजच्या इनुपियातांची थेट परंपरा मात्र बिर्निर्क आणि थुले संस्कृतींकडून येते. शिकारीच्या हत्यारांचेही तसेच. हार्पून म्हणजे दोरी बांधलेला भाला; त्याचे टोक कातडीखाली शिरले की दोरीच्या ताणाने आडवे फिरते आणि शिकार सुटत नाही. बेरिंग सामुद्रधुनीच्या परिसरात अशा टोकांवरही बारीक रेषांची नक्षी कोरत. शिकाऱ्याने आदर राखला तर प्राणी आपण होऊन त्याच्या हाती येतो, अशी तिथली श्रद्धा. देखणे हत्यार हा त्या आदराचाच भाग. मला हे सगळ्यात मोलाचे वाटते, आणि 'शोभेची वस्तू' म्हटले की नेमके तेच निसटते.

विभक्ती-प्रत्ययाकडेही लक्ष असू द्या. हार्पूनचे टोक सुळ्या'तून' घडवलेले असते. एकोणिसाव्या शतकातल्या गिरमिट (भोक पाडायचे हत्यार) फिरवायच्या धनुकल्यांवर वॉलरस, होड्या, नाचणारी माणसे कोरलेली दिसतात, ते सुळ्या'वरचे' काम. 

आणि 'इनुपियात' हे अनेकवचन आहे. एक माणूस किंवा भाषा असेल तर 'इनुपियाक', विशेषण म्हणूनही तेच. तेव्हा शीर्षक 'वॉलरसच्या सुळ्यांतले इनुपियाक कोरीवकाम' असे करावे.