तीनशे संत्री, बारा अक्षरं

प्रश्न : सर, मागच्या अंकात तुम्ही एका चिनी चिठ्ठीचा फोटो छापला. खाली अर्थ होता : ‘तीनशे संत्री पाठवतो आहे. अजून दव गोठलं नाही, अजून जास्त मिळत नाहीत.’ अशा चिठ्ठ्या तर आम्ही दर आंबिया बहाराला कॅरेटमध्ये टाकतो, पाहुण्याला, पुण्याच्या पोरीला. आमची चिठ्ठी चुलीत अन् त्याची संग्रहालयात, हे काऊन? मला चिनी वाचता येत नाही, मग त्यात कला पाहू कशी? अन् आमच्या आबाजींच्या मोडीतल्या चिठ्ठ्या पत्र्याच्या पेटीत पडून आहेत, त्यांचं काय?
— संत्रा बागायतदार, ता. वरुड

उत्तर : भाऊ, पत्र वाचून आधी हसलो, मग दुपारभर तो फोटो घेऊन बसलो.

लिहिणारा वांग शिझी, चौथ्या शतकातला. चिनी लोक त्याला अक्षरांचा ऋषी मानतात. फळ आपल्या नागपुरी संत्र्याच्याच गोतातलं, सैल सालीचं. आणि मजकुरात खरंच काही नाही, तुमच्या कॅरेटमधल्या चिठ्ठीइतकाच आहे. म्हणूनच मला ती आवडते. त्या माणसाच्या डोक्यात त्या वेळी संत्री होती, अक्षर नव्हतं. सुंदर लिहायचं ठरवून बसलेला हात आखडतो. चाळीस वर्षं चित्रकला शिकवली, दर २६ जानेवारीला फळ्यावर सुविचार लिहिताना माझा स्वतःचा हात आखडायचा.

वाचता येत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. वाचता येणाऱ्याचा डोळा अर्थाकडे पळतो, तुमचा रेघेवर थांबेल. फोटो मोठा करा. एका कागदावर तीन पत्रं आहेत, आपलं सगळ्यात डावीकडचं. उजव्या ओळीपासून, वरून खाली चला. तिसरं अक्षर तुम्हीही ओळखाल : आडव्या तीन रेघा, म्हणजे तीन. आता बोटाने हवेत ती अक्षरं गिरवा. ब्रश दाबला की रेघ फुगते, उचलला की बारीक होते. एका अक्षराचं शेपूट पुढच्याच्या दिशेने कुठे वळतं ते बघा. शेंदूरजना घाटचा कलमा बांधणारा आठवा. कलमासाठी फांदीवरचा डोळा, म्हणजे अंकुर, काढताना त्याचा चाकू एकदाच फिरतो, पुन्हा फिरवला तर डोळा वाया. शाई पिणाऱ्या कागदावर ब्रशचंही तसंच, गिरवून दुरुस्ती करता येत नाही.

मग सातवं आणि नववं अक्षर शेजारी ठेवून पाहा. शब्द एकच, ‘अजून नाही’. दोनदा लिहिला तरी हात तोच शब्द दोनदा सारखा काढत नाही, छापखाना काढतो. त्या दुसऱ्या ‘अजून नाही’त मला पुढच्या तोड्याचं आश्वासन दिसतं. थंडी पडल्याशिवाय गोडी उतरत नाही हे तुम्हाला मी काय सांगू! पुढे आठव्या शतकात वेई यिंगवू या कवीकडे एका आजारी मित्राने संत्री मागितली. वेईने तोडून पाहिली तर आंबट, पिवळीही झालेली नव्हती. त्याने कवितेतून कळवलं की ‘तीनशे’ लिहायची इच्छा आहे, पण बागेवर दव गोठेपर्यंत थांबावं लागेल. चारशे वर्षांनी एका चिठ्ठीला असं उत्तर मिळालं.

एक गोष्ट मात्र लपवली तर फसवणूक होईल. तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममधला तो कागद वांग शिझीच्या हातचा नाही. त्याचं मूळ हस्ताक्षर आज कुठेच उरलेलं नाही. तांग राजवटीत (६१८–९०७) कारागिरांनी मुळावर पातळ कागद ठेवून प्रत्येक रेघेची कड केसासारख्या रेषेने उतरवली आणि आतला भाग शाईने भरला. म्हणजे हाताने काढलेली झेरॉक्सच. हे कळल्यावर मी दोन दिवस नाराज होतो. मग वाटलं, बारा अक्षरांच्या चिठ्ठीसाठी कुणीतरी एवढे डोळे फोडले! कागदावरचे लाल शिक्के नंतरच्या मालकांचे आणि बादशहांचे. वांगचंच बर्फ थांबल्याचं २८ अक्षरांचं दुसरं पत्र आहे, त्याच्या आजूबाजूला अठराव्या शतकातल्या छिएनलुंग बादशहाने सत्तरहून जास्त वेळा स्वतःचे शेरे लिहून ठेवले. किल्ल्याच्या भिंतीवर नावं कोरणाऱ्यांची मला आठवण येते, पण बादशहाला कोण बोलणार?

तुमची चिठ्ठी चुलीत का, तर कुणी उतरवून ठेवली नाही म्हणून. आणि खरं सांगायचं तर बहुतेक चिठ्ठ्यांचं अक्षर उतरवण्याजोगं नसतं, माझंही नाही. आबाजींच्या मात्र एकेक करून पाहा. मोडीत आधी कागदभर शिरोरेघ ओढतात, मग बोरू फारसा न उचलता अक्षरं तिला लटकवतात. दस्तऐवज बाजूला ठेवा, ते ठरावीक वळणाचे असतात. हिशेबाच्या मागे घाईत खरडलेलं काही सापडतं का बघा. आबाजी तिथे भेटतील. लॅमिनेशन मात्र करू नका, कागद कायमचा अडकतो. आणि पेटी जमिनीवरून उचला, वाळवीला मोडी-चिनी सारखंच.

प्रश्न : सर, अशी अक्षरं घरी काढून पाहायची आहेत. चिनी ब्रश नाही. बोरू चालेल का?
— शाळकरी वाचक, ता. काटोल

उत्तर : बाळ, बोरू नको. त्याची जाडी-बारीकी टोकाच्या तिरप्या कापातून येते, ब्रशची हाताच्या दाबातून. रंगपेटीतला गोल, टोकदार ब्रश घे, शाई पातळ कर आणि रद्दी पेपरवर लिही. ब्रश पेनासारखा तिरपा न धरता उभा धर. पहिले आठ दिवस फक्त तीन आडव्या रेघा. आईला विचारून अंगणात बस, शाईचे डाग जात नाहीत.