बाभळीचं आडनाव कोणी बदललं?

प्रश्न : आमच्या शाळेच्या आवारातल्या झाडांना पाट्या लावायच्यात. माझ्या बीएस्सीच्या पुस्तकात बाभूळ म्हणजे अकेशिया निलोटिका, मोबाईलवर बघितलं तर वाशेलिया निलोटिका. सागाचं तर कूळच बदललंय. पेंटरला काय सांगू? — एक शिक्षक, ता. वसमत, जि. हिंगोली

उत्तर : सर, पुस्तक तुमच्या वेळेला बरोबरच होतं. पूर्वी फुलं, शेंगा, पानं बघून नातं ठरवायचे, आता डीएनए वाचतात, विशेषतः पानातल्या हरितलवकाचा, आणि तिथं कळतं की दिसायला सारखी असणारी सगळीच काही सख्खी भावंडं नसतात. अकेशियात हजारावर जाती कोंबल्या होत्या. निघालं काय, तर ऑस्ट्रेलियातल्या जाती शिरीषाच्या गोतावळ्याच्या जवळ, आपली बाभूळ वेगळ्या फांदीवर आणि खैर तिसऱ्याच. मग वाटणी करावीच लागली. आता खरी गंमत ऐका, अकेशिया हे नाव मुळात बाभळीवरूनच ठरलेलं, पण ऑस्ट्रेलियात जाती जवळपास हजार, तेवढी नावं बदलण्यापेक्षा नाव त्यांनाच द्या अशी शिफारस २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसपुढं, म्हणजे नावांचे नियम ठरवणाऱ्या शास्त्रज्ञांच्या परिषदेपुढं आली. निम्म्याहून जास्त मतं विरोधात पडली तरी ती टिकली, कारण उडवायला ६० टक्के लागत होती! २०११ ला मेलबर्नमध्ये त्यावर शिक्का बसला. म्हणजे घर बाभळीचं आणि सातबारा पाहुण्याच्या नावावर. मला हे अजून पटलेलं नाही, पण नियम तो नियम. खैर झाला सेनेगालिया.

साग मात्र रास्त जागी गेला. किनवटच्या जंगलातला एवढा थोरला साग आणि अंगणातली तुळस एकाच कुळातली, निर्गुडी आणि शिवण पण तिथंच. नाव टेक्टोना ग्रँडिसच राहिलं, फक्त कूळ व्हर्बेनेसी खोडून लॅमिएसी करा. काटेसावरीचं वेगळं कूळ पण मोडलं, ती आता कापूस, भेंडी, जास्वंदीच्या माल्व्हेसीत. सावरीच्या कापसानं उशी भरणाऱ्या आज्जीला यात काही नवल वाटणार नाही.

पाटीवर मोठ्या अक्षरात बाभूळ, खाली वाशेलिया निलोटिका, त्याखाली बारीक अक्षरात जुनं नाव, म्हणजे लेकरं जुनं पुस्तक उघडून गोंधळणार नाहीत. आणि कुंपणाला वेडी बाभूळ असेलच, तर पेंटरला आधीच सांगा, तिचं प्रोसोपिस पण २०२२ मध्ये गेलं, आता नेल्टुमा ज्युलिफ्लोरा लिहायचं.