भीमाशंकरला पहिल्यांदा शेकरू पाहायला जाताय? मग हे वाचा

सर्वात आधी, पहाटे निघा. शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, दिवसा वावरतं, पण भर दुपारी फांदीवर अंग टाकून स्वस्थ पडतं. सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावरच खरी हालचाल दिसते.

नजरेआधी कान वापरा. वरून फळांची टरफलं टपटप पडत असतील किंवा खडखडाटासारखी कर्कश साद आली, तर तिथेच थांबा. धोका वाटला की ते खोडाला चिकटून निश्चल होतं, त्यामुळे पुढे धावलात तर काहीच दिसणार नाही. थोडा वेळ गप्प उभे राहिलात, तर शेपटी हमखास दिसेल. ती धडापेक्षा लांब असते आणि खाताना तोल सांभाळायला खाली लोंबत असते.

घरट्यांकडे मात्र जरूर लक्ष द्या, मला स्वतःला तोच भाग सर्वात आवडतो. काटक्या-पानांचा मोठा गोळा उंच, बारीक फांद्यांवर असतो, म्हणजे जड शिकारी तिथवर पोहोचत नाही. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, म्हणून घरटं रिकामं दिसलं तरी निराश होऊ नका. शेजारच्या झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेत का, तेही बघा. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. सहा मीटरपर्यंत झेप घेत झाडावरूनच फिरतं. मधली झाडं तुटली की त्याची वाटच तुटते.

आणि कृपा करून बिस्किटं, शेंगदाणे काहीही देऊ नका.