वाचकांचे प्रश्न: भूत कुणाचं?

प्रश्न (तारकर्ली, ता. मालवण): ताई, मी लिहितो आणि रत्नागिरीला राहणारी माझी कॉलेजातली मैत्रीण चित्रं काढते. कोकण रेल्वेच्या बोगद्यात अडकलेल्या एका भुताची गोष्ट आम्ही मालवणीतून वेबकॉमिक म्हणून करतोय. माझा होमस्टे आहे, ती छापखान्यात डिझाइनचं काम करते. दोन भाग तयार आहेत. गणेश चतुर्थीला सुरू करावं असं मला वाटतं, तिला ती घाई वाटते. पैसे आले तर निम्मे-निम्मे, असं मी म्हणालो तर ती गप्प बसली. प्रसिद्धीसाठी काय करावं?

उत्तर: ती गप्प का बसली ते आधी बघू. चतुर्थी आणि प्रसिद्धी नंतर.

पाहुण्यांची जेवणं आटपून तुम्ही रात्री लिहायला बसलात तर दोन-तीन रात्रींत एका भागाची संहिता होत असेल. तोच भाग तिला कच्चं रेखाटन, पक्की रेघ, रंग आणि संवादाच्या फुग्यातली अक्षरं अशा चार फेऱ्यांतून न्यावा लागतो. तुम्ही एका ओळीत लिहून मोकळे होता, ‘कणकवली स्टेशन, चतुर्थीची गर्दी’. त्या ओळीचं तिला काय होतं बघा: ट्रॉलीबॅगा, गाठोडी, खांद्यावर झोपलेलं पोर, इंडिकेटरकडे बघणारी चाळीस डोकी, आणि त्यातलं प्रत्येक डोकं वेगळं. छापखान्यातून आल्यावरच्या दोन संध्याकाळी त्यात जातात. निम्मे-निम्मे ऐकायला न्याय्य वाटतं, पण तिच्या बाजूने तो तोट्याचा सौदा आहे. बोलून दाखवलं तर मैत्रीत पैसा काढला असं होईल, म्हणून गप्प.

माझं मत सांगते. गोष्टीची आणि पात्रांची मालकी खुशाल निम्मी-निम्मी ठेवा. पण चित्र सोडून बाकी सगळं काम तुम्ही उचला: फायली चढवणं, वाचकांना उत्तरं देणं, हिशेब, आणि मुख्य म्हणजे फुग्यातली अक्षरं. आमच्या जोडीत अक्षरं लेखकच बसवतो. त्याचा एक फायदा असा, की स्वतःचं वाक्य फुग्यात मावत नाही हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं आणि तो मुकाट्याने ते कापतो. चित्रकाराने कापायला सांगितलं असतं तर तासभर वाद झाला असता. आणि पहिले पैसे आले की त्यातून डोमेन, रंग, पेनाच्या निब असा खर्च वजा करून आधी तिच्या चित्रांचा ठरलेला मेहनताना द्या. उरतील ते निम्मे.

हे सगळं कागदावर आणा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे संयुक्त कृती म्हणजे जिच्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही ती. तुमचे शब्द आणि तिची चित्रं तर सहज वेगळी निघतात. संहिता तुमची, चित्रं तिची, मग भूत कुणाचं? नाव आणि स्वभाव तुम्ही दिलात, डोळे आणि चाल तिने दिली. उद्या कुणी ते टी-शर्टवर छापायला मागितलं तर हो कुणी म्हणायचं? हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच करावे लागतात. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमच्या गाववाल्यांतले कितीतरी मस्कत-दुबईला बसलेत, तेव्हा ‘जगभर’ हा शब्द विसरू नका. आणि काहीच लिहिलं नाही, पुढे हा धंदा भागीदारीचा ठरला, तर १९३२ चा भागीदारी कायदा नफा-तोटा सारखाच वाटतो. म्हणजे तुमचंच निम्मे-निम्मे कायम होईल आणि ती गप्पच राहील.

दोन पानं पुरतात. एक जण सोडून गेला तर दुसऱ्याने तेच भूत पुढे चालवायचं का, पासवर्ड दोघांकडे असतील ना, नावं कुठल्या क्रमाने येतील, एवढं त्यात असू दे. नावांवरून आठवलं: ‘चिंटू’ १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोन्ही नावांनी लोकांच्या घरात गेला. तुमच्याही प्रत्येक भागावर दोन्ही नावं हवीत, फक्त पहिल्या भागावर नव्हे.

आता चतुर्थी. त्या दिवशी मुळीच सुरू करू नका. पूजा, आरत्या, भजनं, करंज्या, आलेगेले. फोन हातात असतो तो फक्त गणपतीचे फोटो टाकायला. तुमचा खरा वाचक म्हणजे चाकरमानी, आणि तो रिकामा सापडतो परतीच्या गाडीत. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, डब्यात सोलकढीची बाटली सांभाळत बसलाय, पुढे आठ-दहा तास काही करण्यासारखं नाही. त्या दिवशी टाका. भाग हलका ठेवा, म्हणजे रत्नागिरी सुटण्याआधी पूर्ण उतरलेला असेल. नंतर करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब, आणि तिथे रेंज नाही. बोगद्यातलं भूत बोगद्यात वाचायला मिळालं तर तो माणूस पुढच्या स्टेशनला ते चार जणांना पाठवतो. ह्याहून चांगली जाहिरात तुम्हाला पैसे देऊन मिळणार नाही.

पण घाईबद्दल ती म्हणते ते बरोबर आहे. दोन भागांवर सुरू करायचं नसतं. तीन भाग एकदम दाखवा आणि निदान सहा हातात ठेवा. तेवढे नसतील तर यंदाची चतुर्थी सोडा आणि शिमग्याला या, तेव्हाही माणसं गावी येतातच. भाग पंधरवड्याने द्या, दर आठवड्याला देतो म्हणून छाती फुगवू नका. तुमचे दोघांचे हंगामही उलटे आहेत. पावसात किल्ल्याच्या होड्या बंद, पर्यटक नाहीत, म्हणून जून ते ऑगस्ट तुम्ही मोकळे. तिच्या छापखान्यात एप्रिल-मे लग्नपत्रिका, मग गणपतीची पत्रकं, मग दिवाळी. तेव्हा वर्षभराची संहिता तुम्ही पावसातच लिहून तिच्या हवाली करा. तारखा तिच्या हाताच्या वेगाने ठरवायच्या, तुमच्या उत्साहाने नाहीत.

ती शाई कागदावर लावत असेल तर पावसाची आणखी एक गंमत. आपल्याकडच्या जुलैत कार्ट्रिज कागद दमट होतो आणि काळ्या रेघेच्या कडेला बारीक केस फुटतात, शाई धाग्याधाग्याने पसरते. स्कॅन करून मोठं केलं की भुताला दाढी आल्यासारखी दिसते. कागद पत्र्याच्या ट्रंकेत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि लागेल तेवढाच बाहेर. टॅबलेटवर काढत असेल तर हा त्रास नाही, पण वीज गेली की संपलं, म्हणून चार्जिंग आणि पेनड्राइव्हवर दुसरी प्रत.

मापांचं आधीच ठरवा. मूळ पान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) काढा, नाहीतर पुढे पुस्तक छापताना चित्रं फुटतील. छापखान्यातल्या मुलीला हे मी सांगायला नको. पान दोन आडव्या पट्ट्यांत असं विभागा की प्रत्येक पट्टी एकटीही उभी राहील. इन्स्टाग्रामला १०८० बाय १३५० ची चौकट चालते आणि एका पोस्टमध्ये २० पर्यंत चित्रं जातात. वेबटून या कॉमिकच्या ॲपवर ८०० पिक्सेल रुंदीचं उभं सरकवायचं असतं. पट्ट्या सुट्या असल्या की एकच चित्र दोन्हीकडे लागतं.

अक्षरांसाठी ‘कलम’ किंवा ‘बालू २’ हा फॉन्ट घ्या. दोन्ही मोफत आणि युनिकोड आहेत. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी कॅपिटल अक्षरं असतात म्हणून त्यांच्या ओळी चिकटून चालतात. आपल्याला वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, आणि मालवणीत तर ‘खंय’, ‘हंय’ असे अनुस्वार जागोजागी. ओळींमध्ये दीडपट अंतर ठेवा, आधी मजकूर आणि मग त्याभोवती फुगा. झालं की फोन दुपारच्या उन्हात अंगणात नेऊन वाचा. तिथे वाचता आलं तर कुठेही येईल. मालवणी कोण वाचणार ही शंका काढू नका, मच्छिंद्र कांबळींनी ती रंगभूमीवर कधीच निकालात काढली. फक्त निवेदनाच्या चौकटी प्रमाण मराठीत ठेवा, म्हणजे विदर्भातला वाचकही धागा धरून राहील.

प्रसिद्धीचं सगळ्यात स्वस्त ठिकाण तुमच्याकडेच आहे: होमस्टेच्या खोल्या. जेवणाच्या यादीशेजारी क्यूआर कोडचं कार्ड ठेवा. बरेच पाहुणे परत जाताना रेल्वेनेच जाणार आहेत. आंगणेवाडीच्या जत्रेत कार्डं वाटायची असतील तर नुसता कोड देऊ नका, गर्दीत रेंज मरते. पोस्टकार्डावर चार चौकटींचा एक पूर्ण किस्सा छापा, कोड मागच्या बाजूला.

आणि दोघं मिळून एकदा पिंगुळीला जाऊन या. परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली, त्यांनी गोठ्यात संग्रहालय उभं केलंय. चित्रकथीत, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट गाऊन सांगायच्या तिथल्या कलेत, एकामागून एक चित्र समोर येतं आणि गाणारा पुढचं चित्र कधी उघडायचं ते ठरवतो. तुमच्या वाचकाचा अंगठा तेच काम करणार आहे. चित्र बदलण्याआधी गाणारा कुठे थांबतो तेवढं नीट ऐका.

प्रश्न (सावंतवाडी): माझी एक पट्टी कुणीतरी खालची सही कापून एका मोठ्या पेजवर टाकली. हजारो लोकांनी ती पुढे पाठवली. भांडू का?

उत्तर: आधी साधा निरोप पाठवा: चित्र माझं आहे, नाव घाला. बरेच जण घालतात. नाही ऐकलं तर कॉपीराइटची तक्रार करायची सोय इन्स्टाग्राम-फेसबुकवर आहे, तारीख असलेली मूळ फाइल जोडा. कृतीला आपलं नाव असणं हा लेखक-चित्रकाराचा हक्क कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे, नोंदणी केलेली नसली तरी. भांडणापेक्षा सही हलवा. खालच्या कोपऱ्यातली सही कापायला सोपी असते. तीच दुकानाच्या पाटीवर, एसटीच्या नंबरप्लेटवर, पात्राच्या पिशवीवर घाला. सही कापायची तर चित्रच कापावं लागेल.

प्रश्न (दापोली): इन्स्टाग्राम असताना स्वतःची वेबसाइट कशाला? आणि पत्ता देवनागरीत घ्यावा का?

उत्तर: पेज बंद झालं तर जुने भाग शोधायला वाचक कुठे जाईल? साइट साधी असू दे, पण पहिला भाग पहिल्या क्लिकला उघडला पाहिजे. प्रत्येक भागाखाली संवाद टाइप करून ठेवा. चित्रातली अक्षरं शोधयंत्राला भरवशाने सापडत नाहीत, आणि स्क्रीनरीडर वापरणाऱ्या अंध वाचकालाही मग गोष्ट ऐकता येते. ‘.भारत’चा पत्ता दिसायला झकास, पण कुठेकुठे चिकटवला की ‘एक्सएन’ने सुरू होणारी रोमन अक्षरांची रांग उमटते आणि लोकांना ती फसवी लिंक वाटते. हौस असेल तर घ्या, पण कार्डावर रोमन पत्ताच छापा.