टॉमी जॉनचं कोपर

प्रश्न : बारा वर्षांचा मुलगा बेसबॉलमध्ये पिचिंग (चेंडूफेक) करतो. कोपर आतून दुखतं. टॉमी जॉन ऑपरेशन लागेल का? – एक पालक, मालवण

उत्तर : लगेच तिथवर जाऊ नका. आधी पिचिंग बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. या वयात हाडाची वाढ चालू असलेला भाग आधी दुखावतो. पुढेही दिवसाला ८५ चेंडूंच्या वर नको. ६६ झाले की चार दिवस सुट्टी.

हे ऑपरेशन ज्याच्या नावाचं, तो टॉमी जॉन अमेरिकेतला बेसबॉल पिचर. त्याच्या कोपरातला लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा) १९७४ मध्ये तुटला. डॉ. फ्रँक जोब यांनी दुसऱ्या हाताच्या मनगटातला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून, कोपराच्या हाडांना भोकं पाडून तो ओवला. अंगठा-करंगळी जुळवून मनगट वाकवा. मधोमध दोरी उठते, तोच हा टेंडन. काहींना तो नसतोच. जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला. एकूण २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे!